घड्याळ मनगटीं कीं घोट्यास ?

घड्याळानें आपली जागा आजवर अनेकदां बदलली आहे. आरंभीं तें मनोऱ्यावर असे व सारें गांव मान वर करून त्याकडे पाही. पुढें तें भिंतीवर आलें, आणि नंतर साखळीस अडकून गृहस्थाच्या खिशांत शिरलें. मनगटावरील घड्याळ हा विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत युरोपांत बहुधा स्त्रियांचा दागिना समजला जाई. परंतु १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत खंदकांतील शिपायास खिसा चांचपून वेळ पाहण्याची सवड नसे, म्हणून पुरुषांनींही तें मनगटास बांधिलें, आणि तेव्हांपासून ती जणूं त्याची कायमची जागा होऊन बसली. अलीकडे मात्र आपलें स्मार्टवॉच मनगटावरून सोडून पायाच्या घोट्यास बांधणारे कांहीं लोक दिसूं लागले आहेत. पाहणारास हसूं येतें; मुलें पैंजण म्हणून चेष्टाही करितात. परंतु ह्या कृतीमागें एक विचार आहे. तो आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उलगडून दाखवावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, स्मार्टवॉच हें नांवाचेंच घड्याळ आहे. वेळ दाखविणें हें त्याचें सर्वांत सोपें काम. वस्तुतः तें अंगास बांधलेलें एक मापनयंत्र होय. घड्याळाचा आणि वैद्यकाचा संबंध तसा जुना आहे. सर जॉन फ्लॉयर ह्या इंग्रज वैद्यानें एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाच्या साह्यानें नाडी कशी मोजावी हें १७०७ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. परंतु त्या घड्याळांत व आजच्या घड्याळांत मोठा भेद आहे. फ्लॉयरचें घड्याळ केवळ वेळ सांगे. नाडी पाहणारें बोट आणि हिशेब करणारें मन वैद्याचें असे. आजचें घड्याळ स्वतःच मोजतें, स्वतःच हिशेब करितें आणि निकालही स्वतःच देतें. आणि हा सर्व हिशेब आपण मनगटावर आहों असें गृहीत धरून केलेला असतो. जागा बदलली कीं तें गृहीत डळमळतें. म्हणून घोट्यावर गेलेल्या घड्याळाच्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवावा व कोणत्यावर ठेवूं नये, हा खरा प्रश्न आहे.

पावलांपासून आरंभ करूं. घड्याळाच्या पोटांत ॲक्सेलरोमीटर नांवाचें एक अत्यंत लहान यंत्र असतें. गतींत होणारा बदल, म्हणजे धक्का, हिसका किंवा झोका, त्यास समजतो. आपण चालतों तेव्हां पायांबरोबर हातही मागें-पुढें झुलतात. त्या झोक्यांवरून व अंगास बसणाऱ्या हादऱ्यांवरून मनगटावरील घड्याळ पावलांची संख्या ठरवितें. म्हणजे घड्याळ पाय पाहत नाहीं. हात पाहून पायांचें अनुमान करितें. हात मोकळे असतील तोंवर हें अनुमान बहुधा ठीक येतें. पण हात गुंतलेले असले म्हणजे काय होईल ? रोग्याची चाकांची खुर्ची ढकलीत रुग्णालयाच्या व्हरांड्यांतून दिवसभर येरझारा घालणारी आया, डोक्यावरचा हंडा हातानें सांवरीत विहिरीवरून येणारी बाई, डोक्यावर पेटी धरून फलाटावरून जाणारा हमाल, काठी टेकीत सावकाश चालणारे आजोबा, ह्या सर्वांचीं पावलें कमी मोजलीं जाण्याचा संभव असतो. उलट, एका जागीं उभें राहून जोरानें हात हालविणाऱ्याच्या खात्यावर न चाललेलीं पावलें जमा होऊं शकतात. सायकलस्वाराचे पाय तर अखंड फिरत असतात, पण हात दांड्यावर स्थिर. त्याच्या श्रमाची वार्ता मनगटापर्यंत नीटशी पोहोंचतच नाहीं. ज्यांचे कष्ट अधिक, त्यांच्याच कष्टांची नोंद कमी, असा हा विपरीत प्रकार आहे.

तेंच घड्याळ घोट्यास बांधलें म्हणजे अनुमानाच्या जागीं प्रत्यक्ष साक्ष येते. आपल्याकडे लहान मुलाच्या पायांत घुंगरांचे वाळे घालतात, आणि मूल कोठें चाललें आहे हें आईस चुलीपाशीं बसल्या बसल्या कळतें. पावलाची खबर पायांतूनच यावी, हें आपल्या आजींना कोणत्याही यंत्रावांचून ठाऊक होतें. चालण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनींही घोट्यावर बांधण्याचीं खास यंत्रें वापरलीं आहेत. त्यांपैकीं स्टेपवॉच नांवाचें यंत्र सावकाश चालणाऱ्या माणसाचीं पावलेंही अचूक टिपण्याविषयीं प्रसिद्ध आहे.

परंतु येथें एक मेख आहे. घड्याळ एकाच पायास बांधलेलें असतें, आणि माणूस दोन पावलें टाकतो तेव्हां तो पाय एकदांच उचलला जातो. स्टेपवॉच हें यंत्र मुळांत पायासाठींच घडविलेलें असल्यामुळें तें एका पायाच्या फेऱ्या मोजतें, व पावलें काढावयाचीं तर त्या संख्येची दुप्पट करितात. बाजारांतील साधें स्मार्टवॉच हें जाणत नाहीं. दुसऱ्या पायाचा हादरा अंगांतून त्याच्यापर्यंत पोहोंचला तर आंकडा बरोबर येईल. न पोहोंचला तर तो निम्म्याच्या आसपास राहील. म्हणून घोट्यावरील आंकडा प्रथम पारखून घ्यावा, हें बरें.

आतां नाडीकडे वळूं. घड्याळाच्या खालच्या बाजूस हिरवा प्रकाश लुकलुकतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं त्वचेंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या किंचित् भरतात, तेव्हां कमी प्रकाश परत येतो. दोन ठोक्यांच्या मध्यें अधिक येतो. ह्या चढउतारांवरून घड्याळ ठोके मोजतें. ह्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक म्हणजे अमेरिकेंतील सेंट लुई येथील शास्त्रज्ञ ॲल्रिक हर्ट्झमन. त्यांनीं १९३७ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, तो हातांच्या व पायांच्या अशा दोन्ही बोटांविषयीं होता. तात्पर्य, पायावर प्रकाश टाकून नाडी पाहणें ही आजची लहर नव्हे. हृदय मिनिटास ७२ ठोके देत असेल तर घोट्यापाशींही ७२ च लहरी येतात. पायापर्यंत येण्यास लहरीला क्षणाचा अल्पांश अधिक लागतो, इतकेंच.

तथापि येथेंही अडचणी आहेत. घोट्याभोंवतीं हाड व शिरा वर आलेल्या असल्यामुळें घड्याळ सपाट बसत नाहीं, आणि फट राहिली कीं बाहेरचा उजेड आंत शिरतो. म्हणून बांधणारे तें हाडाच्या थोडें वर, आंतल्या बाजूस, मांसल भागावर बांधितात. थंडींत पाय गार पडले म्हणजे त्वचेंतील रक्तप्रवाह मंदावतो व खूण क्षीण होते. शिवाय टांच जमिनीवर आदळतांना बसणारा धक्का घोट्यास मनगटापेक्षां जोराचा लागतो. अशा वेळीं घड्याळ कधीं कधीं ठोक्यांऐवजीं पावलेंच मोजूं लागतें, व धांवणारास आपली नाडी १६० आहे असें वाटतें, जेव्हां ती केवळ त्याच्या पावलांची गति असते. स्वस्थ बसलें असतां घोट्यावरील नाडीचा आंकडा बराचसा विश्वसनीय. धांवतांना मात्र तो संशयानेंच घ्यावा.

कांहींना तर मनगटाची सोयच नसते. ॲपल कंपनीचें घड्याळ एप्रिल २०१५ मध्यें विक्रीस आलें, तेव्हां ज्यांचें मनगट गोंदलेलें होतें अशांची तक्रार आली कीं, घड्याळास आमची नाडी दिसत नाहीं. त्वचेंतील शाई प्रकाशास अडविते, हें कंपनीनेंही मान्य केलें. आपल्या खेड्यांतील ज्या वृद्ध स्त्रियांचे हात मनगटापर्यंत हिरव्या गोंदणानें भरलेले आहेत, त्यांस नातवानें हौसेनें असें घड्याळ दिलें तर हीच अडचण येऊं शकेल. इंग्लंडच्या आरोग्य खात्यानें २००७ सालीं, रोग्यांची शुश्रूषा करणारांनीं कोपराखालीं हात उघडे ठेवावे व मनगटीं घड्याळ घालूं नये, असें धोरण जाहीर केलें. कारण हात नीट धुतले जावे व रोगजंतु पसरूं नयेत. अशा परिचारिकेस आपलीं पावलें मोजावयाचीं असतील तर घोटा हाच सोयीचा मार्ग राहतो.

हृदयाच्या विद्युत्-आलेखाची गोष्ट तर विशेष मनोरंजक आहे. हॉलंडांतील लायडन येथील प्राध्यापक विलेम आइंटहोवेन ह्यांस ह्या आलेखाच्या शोधाबद्दल १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या प्रयोगांत मनुष्य आपले दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. म्हणजे ह्या विद्येंत पायास पहिल्यापासूनच मान होता. आजच्या कांहीं घड्याळांत डाव्या मनगटावर घड्याळ व त्यावर उजव्या हाताचें बोट अशा रीतीनें दोन हातांमधील आलेख निघतो, ज्यास पहिली लीड म्हणतात. तेंच घड्याळ डाव्या घोट्यास लावून उजव्या हाताचें बोट टेकविलें तर दुसरी लीड मिळते. पण घड्याळाचा निर्णय पहिल्या लीडवर पारखलेला असतो, ह्या दुसरीवर नव्हे. म्हणून घरच्या घरीं हा खेळ करून कोणीही निदान ठरवूं नये. तें डॉक्टरांचें काम आहे.

आतां पालकांस दोन गोष्टी आग्रहानें सांगावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, कांहीं घड्याळें मनुष्य पडल्यास आप्तांस कळवितात. पडतांना हात कसा झेपावतो व कसा आपटतो ह्यावरून तीं पडणें ओळखतात. घोट्यावर हा हिशेब भरंवशाचा राहत नाहीं. वृद्ध मातापित्यांच्या रक्षणाकरितां घड्याळ घेतलें असेल तर तें मनगटावरच असूं द्यावें. पावलांच्या अचूक आंकड्यापेक्षां वेळीं येणारी मदत अधिक मोलाची. तसेंच रक्तांतील प्राणवायु व झोंप ह्यांविषयींचे घोट्यावरील आंकडे प्रमाण मानूं नयेत. दुसरी गोष्ट मधुमेह्यांची. भारतांत मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर असावी, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या रोगांत पुष्कळांच्या पायांची संवेदना मंदावते. पट्टा रुतला, कातडें सोललें, तरी त्यांस कळत नाहीं, आणि लहानशी जखम चिघळत जाते. अशांनीं, तसेंच ज्यांचे पाय सुजतात त्यांनीं, घोट्यास घट्ट पट्टा मुळींच बांधूं नये.

विद्यार्थ्यांनीं मात्र एक साधा प्रयोग अवश्य करून पाहावा. शाळेच्या पटांगणांत तोंडानें मोजून बरोबर २०० पावलें चालावें: प्रथम घड्याळ मनगटावर व हात मोकळे ठेवून, मग दोन्ही हातांनीं छातीशीं पुस्तकें धरून, आणि शेवटीं घड्याळ घोट्यास बांधून. प्रत्येक वेळचा आंकडा वहींत लिहावा व प्रत्येक प्रकार तीनदां करावा. आपल्या घड्याळाचें बोलणें कोठें खरें व कोठें अपुरें, हें त्यांस कोणत्याही जाहिरातीपेक्षां अधिक चांगलें कळेल.

ज्या संख्येकरितां ही सारी धडपड चालते, तिचीही थोडी ओळख असावी. दिवसास १०,००० पावलें हा नियम कोणत्याही शास्त्रग्रंथांतून आलेला नाहीं. १९६५ सालीं जपानांत कंबरेस अडकविण्याचें एक पावलें मोजणारें यंत्र विक्रीस आलें. त्याच्या नांवाचा अर्थच 'दहा हजार पावलांचें मापक' असा होता. तें नांव लोकांच्या तोंडीं बसलें व पुढें नियम होऊन राहिलें. २०१९ सालीं अमेरिकेंत सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तींत दिवसास सुमारें ७,५०० पावलांपर्यंत मृत्यूचें प्रमाण उतरत गेलेलें दिसलें. त्यापुढें फारसा फरक दिसला नाहीं.

कांहीं विमा कंपन्या व व्यवसायसंस्था हल्लीं पावलांच्या आंकड्यांवर सवलती व बक्षिसें देतात, आणि तीं मिळविण्यासाठीं घरांत बसून घड्याळ हालवीत राहणारेही महाभाग आहेत. अशी लबाडी आणि घोट्यास घड्याळ बांधणें ह्या दोन गोष्टी एक नव्हत. पहिल्या कृतींत न चाललेलीं पावलें लिहविलीं जातात. दुसरींत चाललेलीं पावलें बुडूं नयेत एवढीच इच्छा असते. खुर्ची ढकलणाऱ्या त्या आयेनें घड्याळ घोट्यास बांधलें, तर ती आपल्या श्रमाची खरी नोंद मागत असते. तिला हसण्यापूर्वीं आपण इतकें तरी विचारावें कीं, आपल्या हातांतील यंत्र कोणाचे कष्ट पाहतें व कोणाचे पाहत नाहीं. यंत्र जें सांगतें तें आदरानें ऐकावें, पण तें कोठें बसून सांगत आहे हेंही पाहावें. एवढी संवय आमच्या मुलामुलींस लागली, तर घड्याळ मनगटीं असो वा घोट्यास, त्याचा खरा उपयोग त्यांस झाल्यावांचून राहणार नाहीं.