विजेचे साधे गणित

मुलांनो, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुका आहे. या तालुक्यात देवळाली प्रवरा हे गाव आहे. गावाभोवती उसाची शेती आहे. ऊस पाण्याशिवाय वाढत नाही आणि विहिरीचे पाणी विजेशिवाय सहज वर येत नाही. म्हणून अशा गावात तीन वाक्ये नेहमी ऐकू येतात. "लाइट आली का?" "होल्टेज किती आहे?" आणि "मोटार जळाली!"

या भागातील गावांना वीज पुरवण्यासाठी 1969 साली मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्था स्थापन झाली. 2011 साली हे काम महावितरण कंपनीकडे आले. वीज देणारी संस्था बदलली, पण विजेचे नियम बदलले नाहीत. ते नियम कोणते, ते आपण पाहू या.

उंचावर पाण्याची टाकी आहे, असे समजा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा दाब जास्त. विजेलाही असा दाब असतो. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात तो सुमारे 230 व्होल्ट असतो. नळातून पाणी वाहते, तशी तारेतून वीज वाहते. या प्रवाहाला विद्युतधारा म्हणतात. ती अँपिअरमध्ये मोजतात. नळी अरुंद असेल तर पाण्याला अडथळा होतो. तारेतही विजेला अडथळा होतो. उर्दूत तुम्ही त्याला 'मुजाहमत' म्हणता. मराठीत त्याला 'रोध' म्हणतात. रोध ओहममध्ये मोजतात.

ओहम हे एका शिक्षकाचे नाव आहे. जर्मनीतील गेओर्ग ओहम हे शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत. वेगवेगळ्या तारा घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि 1827 साली आपला नियम पुस्तकात मांडला. त्या नियमावरून रोध असा काढतात :

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर

एखादे उपकरण दर सेकंदाला किती वीज खर्च करते, याला शक्ती म्हणतात. ती वॉटमध्ये मोजतात.

शक्ती = व्होल्ट × अँपिअर

आता एक उदाहरण घेऊ. पाणी तापवायचा एक रॉड 230 व्होल्टवर 5 अँपिअर धारा घेतो. त्याचा रोध 230 ÷ 5 = 46 ओहम. त्याची शक्ती 230 × 5 = 1150 वॉट. पाहा, दोनच आकडे माहीत होते. त्यांवरून आणखी दोन मिळाले.

संध्याकाळी दाब उतरून 184 व्होल्ट झाला तर काय होईल? रॉड तोच आहे, म्हणून रोध जवळजवळ 46 ओहमच राहील. धारा 184 ÷ 46 = 4 अँपिअर होईल. शक्ती 184 × 4 = 736 वॉट होईल. दाब फक्त पाचव्या हिश्श्याने कमी झाला, पण शक्ती एक तृतीयांशापेक्षाही जास्त कमी झाली! म्हणून त्या दिवशी पाणी लवकर तापत नाही.

आता विहिरीकडे चला. खांबापासून विहीर दूर आहे आणि तार बारीक आहे. तार जितकी लांब आणि बारीक, तितका तिचा रोध जास्त. जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारेचा मिळून रोध 2 ओहम आहे आणि मोटार 10 अँपिअर धारा घेते, असे समजा. मग 2 × 10 = 20 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. खांबावर 230 व्होल्ट असले, तरी मोटारीला 210 व्होल्टच मिळतात. शिवाय 20 × 10 = 200 वॉट शक्ती नुसती तार तापवण्यात जाते. दुप्पट छेदाची तार घातली, तर रोध 1 ओहम होईल आणि हे नुकसान निम्म्यावर येईल.

मोटारीला मात्र रॉडचे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. दाब उतरला तरी तिला पाणी वर चढवायचेच असते. त्यासाठी ती जास्त धारा घेते. जास्त धारेने तिच्या आतील तारांचे वेटोळे तापते, तारेवरचे वेष्टण जळते आणि मोटार बंद पडते. ऐन उन्हाळ्यात असे झाले, तर दुरुस्तीचा खर्च होतो आणि उभे पीकही वाळते. म्हणून जाणते शेतकरी आधी व्होल्टमीटरचा काटा पाहतात आणि मगच मोटार सुरू करतात.

शेवटचे गणित सर्वांत महत्त्वाचे आहे. आपल्या शरीरालाही रोध असतो. त्वचा कोरडी असेल तर तो जास्त असतो. ओली असेल तर फार कमी होतो. तो 1000 ओहम धरला, तर 230 ÷ 1000 = 0.23 अँपिअर धारा शरीरातून जाईल. हा आकडा लहान वाटतो. पण 0.03 अँपिअरपेक्षा जास्त धारासुद्धा जीव घेऊ शकते. म्हणून ओल्या हाताने बटण दाबू नका. पाण्यात उभे राहून स्टार्टरला हात लावू नका. रॉड चालू असताना बादलीत बोट घालून पाणी पाहू नका. घरातल्या लहान भावंडांनाही हे सांगा.

स्वाध्याय

1. एक इस्त्री 230 व्होल्टवर 4 अँपिअर धारा घेते. तिचा रोध आणि शक्ती काढा.
2. विहिरीवरील मोटारीसाठी जाड तार का वापरावी, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
3. तुमच्या घरातील एका उपकरणावर लिहिलेले व्होल्ट आणि वॉटचे आकडे वाचा. वॉटला व्होल्टने भागा. ते उपकरण साधारण किती अँपिअर धारा घेते?