पगाराच्या हिशेबाची परीक्षा

पूर्वी पगारात चूक झाली की कामगार खिडकीपाशी जाऊन कारकुनाला जाब विचारी. आज पगाराचा नियम डेटाबेसच्या पोटातल्या प्रोग्राममध्ये असतो. एका कारखान्यात रजेचा नियम बदलताना जादा कामाचा हिशेब बिघडला. चूक उमगायला तीन महिने गेले. तोवर साऱ्या पाळीचे पैसे बुडत राहिले.

अशा चुका आधीच पकडण्यासाठी चाचणीच्या चौकटी निघाल्या आहेत. ऑरॅकलसाठी यूटीपीएलएसक्यूएल, पोस्टग्रेससाठी पीजीटॅप, एसक्यूएल सर्व्हरसाठी टीएसक्यूएलटी. यांपैकी शेवटचीच घ्या. हजेरीचे खरे कोष्टक बाजूला सारून ती त्याच आकाराचे कोरे कोष्टक पुढे ठेवते. त्यात आपण दोनच माणसे घालायची : एकाचे काम नऊ तास, दुसऱ्याचे दहा. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाच्या नऊ तासांपुढील कामाला दुप्पट दर ठरवला होता. तो नियम धरला तर पहिल्याला जादा काही नाही, दुसऱ्याला एका तासाचे दुप्पट. हे उत्तर आधीच लिहून ठेवायचे. प्रोग्रामचे उत्तर जुळले नाही, तर चाचणी नापास. शेवटी केलेले सारे बदल मागे घेतले जातात. मूळ नोंदी जशाच्या तशा राहतात. नियम बदलला की सर्व जुन्या चाचण्या पुन्हा चालवायच्या.

परंतु अपेक्षित उत्तरच चुकीचे लिहिले, तर चुकीचा प्रोग्रामही पास होतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की ते उत्तर लिहिताना करार वाचलेला कामगारही टेबलाशी बसलेला असावा.