सी कावीळ बरी झाली. आता पुढं काय?

आज बोलायचं आहे हिपॅटायटिस सी म्हणजे सी प्रकारच्या काविळीबद्दल. एखादी बाई तीन महिने नेमानं गोळ्या घेते. डॉक्टर सांगतात, बरी झालीस. पुढं वर्षभरानं ऑपरेशनआधी रक्त तपासतात आणि कागदावर पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ लिहून येतं. घरी कुजबुज सुरू होते, तिचं ताट-पेला वेगळा होतो. अशा वेळी काय समजायचं?

आधी कागदाचं पाहू. या आजाराच्या तपासण्या दोन. पहिली अँटीबॉडीची. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. विषाणू गेला तरी ही खूण बहुधा वर्षानुवर्षं राहते, म्हणून ही तपासणी बरी झालेल्या बाईचीही पॉझिटिव्ह येते. दुसरी तपासणी आरएनएची, तिलाच व्हायरल लोड म्हणतात. विषाणू आज रक्तात आहे की नाही, ते हीच सांगते. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी ही तपासणी करतात. तेव्हा विषाणू सापडला नाही, तर आजार बरा झाला. तो कागद जपून ठेवा, प्रत्येक दवाखान्यात दाखवा.

आणि ताट-पेल्याचं म्हणाल, तर आजार असतानाही तो एकत्र जेवल्यानं, मिठी मारल्यानं पसरत नाही. तो रक्तातून पसरतो. एकच सुई अनेकांना वापरणं, न तपासलेलं रक्त, यात्रेत एकाच सुईनं गोंदणं, दुसऱ्याचं ब्लेड, या त्याच्या वाटा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना कधी कधी रक्त चढवावं लागतं. ते रक्तपेढीतून तपासलेलंच घ्यावं.

आता यकृताकडे वळू. मटणाच्या दुकानात आपण कलेजी म्हणतो, तोच हा अवयव. चुलीवर हात थोडा भाजला तर कातडी पुन्हा नीट येते, खोल भाजला तर वण राहतो. यकृताचंही तसंच. विषाणू गेला की सूज उतरते. थोडे वण असतील तर तेही हळूहळू, काही वर्षांत कमी होऊ शकतात. पण वण वाढून यकृत कडक झालं असेल, म्हणजे सिरॉसिस झाला असेल, तर विषाणू गेल्यावरही यकृताच्या कॅन्सरचा धोका उरतो. अशा बाईनं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच. बरं वाटतं म्हणून ती टाळू नये.

मग शरीराच्या राखणदारांचं काय? वर्षानुवर्षं विषाणूशी झगडून काही रोगप्रतिकारक पेशी थकून जातात, रात्र-रात्र जागलेल्या जागल्यासारख्या. विषाणू गेल्यावर त्यांना बरीच उभारी येते, पण सगळा थकवा जात नाही. आणि आधी सांगितलेल्या अँटीबॉडी म्हणजे नुसती खूण, ढाल नव्हे. एकदा बऱ्या झालेल्या बाईला हा आजार पुन्हा होऊ शकतो. देवी-गोवराचं जसं एकदा झाला की सुटलो, तसं इथं नाही. सी काविळीवर लसही नाही. बी काविळीवर मात्र लस आहे, ती घ्यावी. सी च्या गोळ्या सुरू करण्याआधी बी ची तपासणीही करून घ्यावी, कारण सी जाताना दबलेली बी डोकं वर काढू शकते.

बऱ्या झालेल्या यकृताचा सगळ्यात मोठा वैरी दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपुरात बायांच्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ ला बंदी लागली, ती २०२१ मध्ये उठली. दुकान उघडं असो की बंद, आपल्या घरातल्या बऱ्या झालेल्या माणसाला एक घोटही नको. काविळीवर म्हणून मिळणारा झाडपालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यातले काही यकृतालाच इजा करतात.

उपचार महाग असतील या भीतीनं कुणी थांबू नका. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यातून सरकारी रुग्णालयात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि १०० पैकी ९५ हून अधिक जणी बऱ्या होतात. गरोदरपणात मात्र या गोळ्या सहसा देत नाहीत, म्हणून दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. कुठं जायचं, हे आशाताईंना विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. पूर्वी रक्त चढवलेल्या, सुईबद्दल शंका असलेल्या बायांना तपासणीला पाठवा. आणि बऱ्या झालेल्या मैत्रिणीला आपल्या ताटाशेजारी बसवून जेवा.