शेवटच्या सत्राची फीत

व्यावसायिक बास्केटबॉलमधला सर्वांत अचाट विक्रम घडला त्या रात्री तिथे एकही टीव्ही कॅमेरा नव्हता.

2 मार्च 1962. फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सविरुद्धचा आपला सामना हर्शीला ठेवला होता. पेनसिल्व्हेनियातलं हे गाव चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. प्रेक्षक 4,124. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी वार्ताहरही धाडले नव्हते. अशा आडबाजूच्या सामन्यात वॉरियर्सच्या सात फूट एक इंच उंचीच्या विल्ट चेंबरलेनने एकट्याने शंभर गुण केले. सत्रागणिक 23, 18, 28 आणि 31. वॉरियर्स 169–147 असे जिंकले. चेंबरलेन फ्री थ्रोमध्ये नेहमीच कच्चा; त्या रात्री मात्र 32 पैकी 28 आत गेले!

मागे उरलं काय? एक गुणतक्ता आणि काही छायाचित्रं. वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार पॉल व्हॅथिस सुट्टीवर होते, मुलाला घेऊन सामना बघायला आले होते. रंग पाहून ते धावत गाडीतून कॅमेरा घेऊन आले. सामन्यानंतर संघाची आकडेवारी ठेवणाऱ्या हार्वी पोलॅक यांनी एका कागदावर ‘100’ लिहून तो चेंबरलेनच्या हाती दिला. सगळ्या जगाला माहीत असलेलं छायाचित्र ते हेच. पण छायाचित्र म्हणजे सामना नव्हे. हलतं चित्र नाही, आवाज नाही. मग विक्रमाभोवती दंतकथा वाढल्या आणि शंकाही.

एक साक्षीदार होता, तो म्हणजे रेडिओ. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूसीएयू केंद्रावरून बिल कॅम्पबेल धावतं समालोचन करत होते. पण ते मूळ ध्वनिमुद्रण कुणाच्या हाती लागेना.

समालोचनाचा एक भाग सापडला पंचवीसहून अधिक वर्षांनी, आणि तोही केंद्राच्या कपाटात नव्हे. त्या रात्री उशिरा केंद्राने चौथं सत्र पुन्हा ऐकवलं होतं. पन्नास हजार वॅटचं हे केंद्र. मध्यम लहरी रात्री आकाशातल्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन कुठच्या कुठे पोचतात. तिथून तीनशेहून अधिक किलोमीटरवर, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या जिम ट्रेलीझ या तरुणाने ते पुनःप्रक्षेपण आपल्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलं. पुढे मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याचं महत्त्व सांगणारा लेखक म्हणून गाजले, ते हेच ट्रेलीझ. त्यांची फीत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगकडे पोचली. दुसऱ्या एका चाहत्याने डिक्टाफोनवर केलेलं मुद्रणही मिळालं होतं. दोन्ही जोडून ते सत्र पुन्हा उभं राहिलं.

फीत ऐकताना जीव वरखाली होतो. एकेका गुणाबरोबर प्रेक्षकांचा गलका चढत जातो. चेंडू चेंबरलेनपर्यंत पोचूच नये म्हणून निक्स त्याच्या सहकाऱ्यांवर फाउल करत होते आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सही उलट तेच करत होते. हा खेळाचा विचका, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. मला ती पटत नाही. चार-चार जण अंगावर येत असताना त्याने ते गुण केले, आणि सगळं गाव त्यासाठी उभं राहिलं. 46 सेकंद उरलेले असताना जो रक्लिकच्या पासवर शंभरावा गुण होतो आणि कॅम्पबेल बेभान होऊन, चेंडू आत गेला, गेला, असं ओरडत राहतात. कुठलाही गुणतक्ता हे सांगू शकला नसता.

1962 मध्येच वॉरियर्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले. आज ते गोल्डन स्टेट वॉरियर्स. 2015–16 मध्ये त्यांनी एका हंगामात 73 विजयांचा विक्रम केला, त्यातला क्षण न् क्षण कॅमेऱ्यांनी टिपला. त्याच हंगामात, मार्च 2016 मध्ये, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हर्शीच्या सामन्याचं हे समालोचन राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केलं. ते फक्त चौथ्या सत्राचं आहे. आधीच्या तीन सत्रांतल्या 69 गुणांचं ध्वनिमुद्रण अजून मिळालेलं नाही.