तेरचे लामतुरे संग्रहालय : वस्तू, संदर्भ आणि कालनिश्चिती

संग्रहालयातील वस्तूला इतिहासाचे साधन म्हणून मोल येते ते तिच्या संदर्भामुळे. ती कोठे, कोणत्या थरात व कोणत्या वस्तूंच्या सान्निध्यात सापडली हे ठाऊक नसेल, तर तिचे वर्णन करता येते. काळाची साक्ष मात्र तिच्याकडून सहजासहजी मिळत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयाचा विचार केला आहे.

तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील एक फार मोठे नगर म्हणून तगरचा उल्लेख येतो. तेथून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. पुढे शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरविले. कापड काळाच्या ओघात नष्ट झाले. माती, शंख, मणी आणि हस्तिदंत मात्र टिकले.

या अवशेषांचे महत्त्व गावातच ओळखणारी व्यक्ती म्हणजे रामलिंगप्पा लामतुरे. दख्खनमधील जुन्या वसाहतींच्या पांढरीची माती शेतात खत म्हणून नेण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. त्या मातीबरोबर किती नाणी आणि मूर्ती विखुरल्या गेल्या असतील, याची गणती नाही. पावसाने उघड्या पडलेल्या आणि गावकऱ्यांच्या हाती आलेल्या वस्तू लामतुरे यांनी जमविल्या नसत्या, तर त्यांतील बहुतेक आज उपलब्ध नसत्या. हे ऋण मान्य करूनच संग्रहाची मर्यादा सांगावी लागते : यातील बहुसंख्य वस्तूंना थर नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे तुलना. संग्रहातील केओलिन या पांढऱ्या, मऊ पोताच्या मातीच्या मूर्ती त्यासाठी पाहाव्यात. पुढची व मागची बाजू दोन स्वतंत्र साच्यांत दाबून घ्यावयाची, मग त्या जोडावयाच्या, अशी त्यांची रीत. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ राहते. दुहेरी साच्याच्या या तंत्रामागे रोमन प्रभाव असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. (संत गोरोबाकाकांच्या गावात मातीकामाची इतकी जुनी परंपरा आढळावी, हा योगायोगही नोंदविण्यासारखा आहे.) साच्यातून एकसारख्या अनेक प्रती निघतात. त्यामुळे तेर येथील उत्खननांत सातवाहनकालीन थरांत मिळालेल्या मूर्तींशी ताडून संग्रहातील थरहीन मूर्तींचा काळ बऱ्याच विश्वासाने सांगता येतो. १९५८ पासून तेथे झालेल्या उत्खननांचे हे महत्त्व पुरेसे लक्षात घेतले जात नाही.

हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या बाबतीत हा मार्ग तितका सोपा नाही. संग्रहालयाची ओळख बनलेली ही मूर्ती कोरीव आहे, साच्यातली नव्हे. तिचा काळ ठरविण्यासाठी अभ्यासकांना थेट इटलीत जावे लागले. पाँपेई येथे १९३८ मध्ये तशाच धर्तीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेले, त्यामुळे ती मूर्ती त्यापूर्वीची हे निर्विवाद ठरते. ती मथुरेकडची असावी, असे आरंभी मानले जाई. पुढे जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात त्याच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भग्न भाग मिळाला आणि दख्खनचा दावा बळकट झाला. तेरची मूर्ती मूळची दख्खनची खरी, पण तिचा काळ असा दोन परगावच्या स्थळांकडून उसना घ्यावा लागतो. शैलीसाम्याने काळाचा अंदाज येतो. ती तेरमध्येच घडली की व्यापाऱ्याच्या सामानातून आली, हे मात्र शैली सांगू शकत नाही. त्यासाठी कारागिराच्या जागेचा पुरावा हवा : अर्धवट कोरलेले तुकडे, कापलेल्या दंताचे अवशेष, हत्यारे.

अशा पुराव्याची नोंद करणे महाविद्यालयीन इतिहास विभागांना अशक्य नाही. क्षेत्रभेटीत वस्तू उचलण्यापूर्वी टेकडीचे नाव, जागेची दिशा, दिनांक व छायाचित्र इतके टिपून ते पुरातत्त्व विभागाला कळविले, तरी पुढील उत्खननाचा खड्डा कोठे घ्यावा याचा विचार त्या नोंदीवरून सुरू होऊ शकतो.