टॅब्लो पब्लिक : आलेखप्रकाशनाचा प्रारंभ

२०१० साली सुरू झालेल्या ‘टॅब्लो पब्लिक’ या विनामूल्य मंचावर आलेख प्रसिद्ध करावयाचा, तर प्रथम खाते उघडून एक्सेलची वा तत्सम सारणी जोडावी लागते. मग स्तंभांची नावे आडव्या-उभ्या अक्षांवर ओढली की आलेख सिद्ध होतो. कृती सोपी आहे. विवेक हवा तो तिच्याआधी. कारण आलेखासोबत त्यामागील आधारसामग्रीही मंचावर जाते, आणि उतरवून घेण्याची मुभा असल्यास ती कोणाच्याही हाती पडू शकते. चाळणी लावून दृष्टीआड केलेल्या नोंदी फायलीतून नाहीशा होतातच असे नाही. म्हणून उत्तरदात्यांची नावे व पत्ते मूळ सारणीतूनच वगळावेत. लहान गावात तर केवळ वय व व्यवसाय यांवरूनही माणूस ओळखता येतो. तेथे गटवार बेरजाच द्याव्यात.