चाकांवरचे घर

गुम्मिडिपूंडी हे तमिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील, चेन्नईच्या उत्तरेस सुमारे 45 किलोमीटरवर वसलेले गाव. चेन्नईची उपनगरी आगगाडी येथवर येते आणि कोलकात्यास जाणारा महामार्गही येथूनच जातो. एकीकडे मोठी औद्योगिक वसाहत, दुसरीकडे भातशेती व तळी आणि पूर्वेस पुलिकत सरोवर व समुद्र, असा हा प्रदेश आहे. अशा ठिकाणी कामासाठी येऊन राहणाऱ्या कुटुंबास चाकांवरचे लहानसे घर उपयोगी पडेल काय, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

अमेरिकेत अशा घरांची चळवळ गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. तेथे इमारतींच्या नियमांत ठरलेल्या किमान आकारापेक्षा लहान घर बांधण्यास परवानगी मिळत नसे. घरास चाके लावली म्हणजे ते इमारत न राहता वाहन ठरते, ही त्यामागची युक्ती होती. पुढे 2018 सालच्या तेथील आदर्श गृहनियमावलीत 400 चौरस फुटांपर्यंतच्या घरास ‘लहान घर’ म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले.

आपल्याकडील याचे उल्लेखनीय उदाहरण तमिळनाडूतीलच आहे. वास्तुरचनाकार अरुण प्रभू यांनी 2019 साली तीनचाकी मालवाहू रिक्षावर सहा फूट लांब व सहा फूट रुंद असे घर रचले. चेन्नईतील झोपडपट्ट्यांचा अभ्यास करताना त्यांना ही कल्पना सुचली होती. झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी व शौचकूप, 250 लिटरांची पाण्याची टाकी आणि 600 वॉटचे सौरपट एवढे सारे त्यात बसविलेले होते. मोडीत निघालेले सामान वापरल्यामुळे खर्च सुमारे एक लाख रुपयांवर भागला.

वजन, पाणी आणि वारा

फिरत्या घराची सर्व रचना वजनाच्या हिशेबावर उभी असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम वजन. तेव्हा 250 लिटरांची भरलेली टाकी एकटीच अडीच क्विंटल भरते. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी सरकारने माणशी दररोज 55 लिटर हे प्रमाण धरले आहे. त्यानुसार हे पाणी दोन माणसांना दोन दिवसांपेक्षा थोडेच अधिक पुरेल. म्हणजे घर फिरते असले तरी त्याला विहिरीच्या किंवा नळाच्या आसपासच राहावे लागते.

विजेचेही तसेच आहे. 600 वॉटच्या सौरपटापासून चांगल्या उन्हाच्या दिवशी अडीच ते तीन युनिट वीज मिळते. दिवे, पंखे व लहान शीतकपाट यांना ती पुरते. वातानुकूलन यंत्र दीर्घकाळ चालविण्यास पुरत नाही. म्हणून उष्णतेचा बंदोबस्त बांधणीतूनच करावा लागतो. दुहेरी छप्पर घालून मध्ये वारा खेळता ठेवणे आणि समोरासमोर खिडक्या ठेवणे, हे दमट किनाऱ्यावर अत्यावश्यक होय.

तथापि या किनाऱ्यावरील खरा शत्रू वादळ हाच आहे. 12 डिसेंबर 2016 रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हजारो झाडे उन्मळून पडली. इमारतींच्या भारतीय मानकात चेन्नईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 50 मीटर धरलेला आहे. या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 150 किलोग्रॅम वजनाएवढा असतो. पाच मीटर लांब व अडीच मीटर उंच अशा भिंतीवर तो पावणेदोन टनांहून अधिक होईल. दीड टनाचे घर एवढा आडवा रेटा सहन करू शकणार नाही. ओढण्यास हलके तेच उलटण्यासही सोपे! म्हणून अशा घरासाठी जमिनीत पक्के गाडलेले नांगर, ताणदोर आणि वेळेवर स्थलांतर यांची व्यवस्था असावीच लागते.

जागेचा प्रश्न

वजन व वारा यांवर उपाय सापडतात. जागेचा प्रश्न मात्र चाकांनी सुटत नाही. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचा किमान आकार 25 चौरस मीटर ठरविलेला आहे. रस्त्यावरील वाहनाची रुंदी 2.6 मीटरांहून अधिक असू नये, असा मोटारवाहन नियम आहे. भिंतींची जाडी हिशेबात न घेताही या दोन्ही अटी पाळावयाच्या, तर घर साडेनऊ मीटरांहून लांब करावे लागेल. गावच्या वाटेने ते वळणारही नाही. शिवाय घर हलले तरी शिधापत्रिका, मतदारयादी व मुलांची शाळा यांना ठावठिकाणा हवा असतो.

गाडिया लोहारांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. 1568 साली चितोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी स्थिर घरात न राहण्याची प्रतिज्ञा केली, अशी परंपरा आहे. 6 एप्रिल 1955 रोजी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडात समारंभपूर्वक प्रवेश झाला. गावोगावी अवजारे घडविण्याचे काम होते तोवर बैलगाडीतील संसारास अर्थ होता. कारखान्यांत तयार झालेली अवजारे बाजारात आली, काम आटले आणि अनेकांच्या गाड्या शहरांच्या कडेला अडकून पडल्या. तेथे त्या गाडीखालची जमीन त्यांची नव्हती.

याच्या उलट स्थिती महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांची आहे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपेपर्यंत बांबू, पाचट व प्लॅस्टिकचा कागद यांच्या कोपीत राहतात. येथे काम फिरते, पण त्याबरोबर फिरणारे धड घर नाही. स्त्रियांना पहाटेच्या अंधारातच आडोसा शोधावा लागतो. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर ओडिशातून येणाऱ्या मजुरांचीही कथा फारशी निराळी नाही. भट्ट्या पावसाळा सरल्यावर पेटतात. म्हणजे वादळांचा मुख्य काळ तोवर बहुधा मागे पडलेला असतो. बंद न्हाणी व शौचकूप असलेले चाकांवरचे घर अशा ठिकाणी खरोखर कामास येईल. मात्र ते उभे करण्यासाठी पाण्याची सोय असलेला तळ मालकाने किंवा ग्रामपंचायतीने द्यावयास हवा, आणि त्याचा खर्च मजुराच्या उचलीत धरला जाता कामा नये.

सारांश, ज्याचे काम हंगामाबरोबर सरकते त्याला चाके उपयोगी आहेत. ज्याला जमीनच नाही, त्याला आधी जमीन हवी. हा भेद न ओळखता भूमिहीनाच्या हाती फिरते घर दिले, तर त्याचे बेघरपणच तेवढे फिरते होईल.